पाणी वर टिकलं तर

नुसुपचं फुप्फुस बसलं ते भर पंगतीत, हातात उकडलेल्या मेंढीचं मुंडकं असताना. कस्टम खात्यातल्या कुणा बड्या साहेबाची साठी होती, संगमरवरी खांबांचा हॉल होता, आणि नुसुप तमादा होता, म्हणजे ज्याला माइक आणि पैसे देऊन लोक आपल्या आनंदाचं तोंड बनवतात तो. मुंडक्याचं ताट साहेबांपुढे धरून तो म्हणाला, "आयुष्य म्हणजे..." हे त्यानं हजारदा म्हटलं होतं, आणि दर वेळी आयुष्य म्हणजे वेगळंच काही असायचं. मास्तरांच्या समारंभात ते फळा असायचं, ड्रायव्हरच्या लग्नात रस्ता. कस्टमवाल्यासाठी त्यानं 'नाका' ठरवलं होतं. पण 'म्हणजे'च्या पुढे उजव्या बगलेत काहीतरी उसवलं, वरच्या फळीवरचा डबा काढताना सदरा उसवतो तसं, आणि पुढची हवा आलीच नाही. तोंड उघडं, ताट हातात, दोनशे माणसं आयुष्य म्हणजे काय ते ऐकायला थांबलेली. लांबच्या टेबलावरून कोणीतरी "वा!" म्हणालं. तमादाला भरून आलं अशी सगळ्यांची समजूत झाली. टाळ्या पडल्या. साहेबांचे डोळे ओले झाले, ते उठले आणि त्यांनी नुसुपला मिठी मारली, मध्ये मुंडकं. मिठी चांगली घट्ट होती. वाद्यवाल्यांनी नाच सुरू केला. नुसुप मिठीतल्या मिठीत खाली घसरत गेला आणि साहेबांचा मेहुणा कॅमेरावाल्याला म्हणत राहिला, "घे, हे घे, हे सोडू नकोस." ती फीत अजून लोक एकमेकांना पाठवतात. खाली लिहितात, असा मनापासून बोलणारा तमादा आता मिळत नाही. आयुष्य म्हणजे काय हे मात्र नंतर कोणीही विचारायला आलं नाही. दवाखान्यात पडल्या पडल्या नुसुपला फुप्फुसापेक्षा हे जास्त लागलं होतं.

दवाखाना बिश्केकच्या कडेला, जिथं शहराचा कोळशाचा धूर हिवाळ्यात येऊन बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. छातीच्या रोग्यांसाठी जागा अशी निवडणाऱ्याचा नुसुपनं मनातल्या मनात दोनदा सत्कार केला होता. उजव्या फासळ्यांतून एक रबरी नळी निघून खाटेखालच्या बाटलीत गेली होती, आणि तो बोलला की बाटलीत बुडबुडे यायचे. लांब वाक्य, लांब बुडबुडे. पहिल्या दिवशी त्यानं नर्स तुर्सुनायची तारीफ करायला घेतली तर बाटली समोवारसारखी उकळायला लागली, आणि कालिचा डॉक्टरीणबाई धावत आल्या. "तमादा," त्या म्हणाल्या, "तुमच्या फुप्फुसाला भोक आहे. तुम्ही बोलता ते अर्धं लोकांना ऐकू येतं, अर्धं माझ्या बाटलीत पडतं. गप्प बसा." कालिचाबाई बुटक्या, रुंद, मनगटाला पुरुषी घड्याळ, आणि पेन्शनीला इतक्या जवळ आलेल्या की कोणाची भीड नाही. त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती म्हणून नुसुप बघायला शिकला. छताला दोन भेगा होत्या. खिडकीच्या चौकटीत कोणीतरी पूर्वी कापूस कोंबला होता, तो राखाडी झाला होता. दुसऱ्या खाटेवर नारीनकडचा मुकाश म्हातारा, जन्मभर मेंढरं वळलेला, त्याच्या फुप्फुसाभोवती पाणी झालेलं. आणि त्या खाटेभोवती सदैव माणसं. सुना, पुतणे, पुतण्यांचे साडू, गावचा माजी सरपंच. पिशव्यांतून उकडलेलं मटण, कणकेचे तळलेले बोरसोक, घोड्याच्या मांसाचं सॉसेज निघायचं, आणि दर घासाला नुसुपलाही वाटा मिळायचा. "खा रे पोरा, तुझी माणसं वाटेत असतील," म्हातारा म्हणायचा. नुसुप सत्तावन्न वर्षांचा होता. तो मान हलवायचा. माणसं वाटेतच होती, पण कुठल्या वाटेत हे त्यालाही माहीत नव्हतं. ज्यांची ज्यांची लग्नं त्यानं लावून दिली ती सगळी माणसं ह्याच शहरात राहात होती, रस्त्यात भेटली की "ओ तमादा, एक जोक!" म्हणत होती. दवाखान्यात येऊन जोक कोण मागणार?

काल बुडबुडे बंद झाले. कालिचाबाई खाटेच्या कडेला जड बसल्या. "आता उद्या दाब मापू. फुप्फुस स्वतःहून फुगलेलं राहात नाही, हे कळतंय का? ते मुळात आळशी. सोडलं की चिमटून बसतं. त्याच्याभोवती थोडी पोकळी असते, बाहेरच्यापेक्षा कमी दाब. ती त्याला चहूकडून ओढून धरते म्हणून ते उघडं राहातं. तुमची पोकळी हवेनं भरली, ओढणारं कोणी उरलं नाही, बसलं."

"म्हणजे रिकामपण पाहिजेच म्हणता?" नुसुप कुजबुजला.

"पाहिजे. मापात." त्यांनी बोटानं हवेत एक रेघ काढली. "नळीला काचेची वाकडी नळी जोडते, तिच्यात पाणी. पोकळी शाबूत असेल तर पाणी तुमच्या बाजूनं वर चढेल. चढलं आणि वर टिकलं, तर भोक बुजलं. नळी काढू, घरी जा, आणि महिनाभर कोणाच्या लग्नात तोंड घालू नका. नाही टिकलं, तर कापावं लागेल. कापायचं तर रक्ताचं माणूस पाहिजे. सही करायला, आणि रक्त द्यायला. कोण आहे?"

"माणसं लाख आहेत."

"लाख नकोत. एक सांगा."

"मुलगी आहे," नुसुप म्हणाला, आणि सवयीनं त्यानं बाटलीकडे पाहिलं. बुडबुडा आला नाही. मग तो म्हणाला, "परगावी असते." तेव्हाही आला नाही. बाटलीला खरं-खोटं कळत नव्हतं हे बरं होतं. चिनार ह्याच शहरात राहात होती, दवाखान्यापासून दोन मिनीबस बदलल्या की तिचं घर. दोन वर्षं झाली, तिनं बापाला फोन केला नव्हता आणि त्यानं तिला. पाणी वर टिकलं तर करावा लागणार नव्हता. रात्रभर नुसुप एवढी एकच गोष्ट मागत राहिला, कोणाकडे ते न ठरवता: पाणी तेवढं टिकू दे.

सकाळी तुर्सुनाय लाकडी फळी घेऊन आली. फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी, मागे सेंटिमीटरच्या रेघा, नळीत औषध घालून गुलाबी केलेलं पाणी. ह्या कामाचं नवं यंत्रही होतं, परदेशातून भेट आलेलं, पडद्यावर आकडे दाखवणारं; पण ते चालू केलं की आधी पासवर्ड मागायचं, आणि तो माहीत असलेला माणूस यंत्र बसवून, पुलाव खाऊन आपल्या देशी निघून गेला होता. आता त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून कोरफडीची कुंडी ठेवली होती. तपासणीचे साहेब आले की कुंडी खाली यायची, साहेब गेले की वर. फळी मात्र कुणाला काही विचारत नव्हती. ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची, पण सरकारी रंगकामात खिळ्यासकट गिलावा निघाला होता, म्हणून तुर्सुनायनं फळी दोन्ही हातांनी छातीशी धरली, शाळेतल्या फोटोत पाटी धरतात तशी. कालिचाबाईंनी रबरी नळीचा चिमटा काढला, ती काचेला जोडली आणि सांधा स्वतःच्या मुठीत धरला, कारण रबर जुनं होतं. "मघाशी पट्टी सोडताना नळीचा टाकाही ढिला झालेला दिसला. उजवा हात अंगाला चिकटवून ठेवा. हलू नका. बोललात तर मीच तुम्हाला कापीन, भूलबिल न देता."

गुलाबी पाणी हललं. एका बाजूनं उतरलं, दुसऱ्या बाजूनं, त्याच्या बाजूनं, वर चढलं. त्यानं श्वास घेतला तसं आणखी चढलं. सोडला तसं थोडं घसरलं, पण शून्याच्या वरच राहिलं. "उणे सात," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात प्रथमच थोडी गोडी आली. "झकास उणे आहे. आता बघत बसायचं. टिकलं पाहिजे."

नुसुप बघत बसला. जन्मभर त्यानं माणसं हलवली होती, हसा म्हटलं की हसली, उठा म्हटलं की ग्लास घेऊन उठली. पण हे पाणी तो काही न म्हणता हलत होतं, अगदी त्याच्याबरोबर, जणू आत कोणी बसून त्याचं ऐकत होतं. उणे. ह्या शब्दाला असा मान असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. घरी तीन खोल्या होत्या आणि तिन्हींत उणेच होतं, पण तिथं तो रेडिओ लावून ठेवायचा, एक स्वयंपाकघरात, एक निजायच्या खोलीत, दोन वेगळी स्टेशनं, म्हणजे घरात वाद चाललाय असं वाटावं. बायको, सायरा, होती तेव्हा रेडिओ नव्हता. तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा राहून नव्या भाषणाची तालीम करायचा आणि ती पाठमोरी कांदा चिरत असायची. पूर्ण भाषण, हातवारे, शेवटी ग्लास वर. मग ती सुरी न थांबवता म्हणायची, "झालं? पाव आणा." त्याला तेव्हा राग यायचा. पाव आणायला खाली उतरताना जिन्यात तो तेच भाषण पुन्हा, सुधारून म्हणायचा, आणि ते खरंच सुधारलेलं असायचं. ती ऐकायची की नाही, हे त्यानं कधी विचारलं नाही. विचारायला मधे गप्प बसावं लागलं असतं. पाणी चढलं, उतरलं. आता ती पाठ त्याला स्पष्ट दिसत होती, एप्रनची गाठ, गाठीचा एक कान लांब, एक आखूड. आणि पाठीमागून तिच्या वर्षश्राद्धाचं जेवण आलंच. त्याला ते यायला नको होतं, पण गप्प माणसाच्या डोक्यात कोणीही न विचारता शिरतं. त्यासाठीही एक हॉलच घेतला होता. दोनशे माणसं, मटण, भात, कुराण म्हणून झालेलं, आणि मॅनेजरनं अदबीनं माइक आणून त्याच्या हातात दिला: घरधनी दोन शब्द बोलतील. नुसुपनं माइक धरला. थंड, जड, ओळखीचा. तो म्हणाला, "माझी सायरा..." आणि त्याला पुढे काही सुचेना, खरोखर काही सुचेना, आणि जिथं काही सुचत नाही तिथं गेली तीस वर्षं त्याचं तोंड स्वतःहून जे म्हणत आलं होतं तेच ते म्हणालं: "चला, एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" आणि झाल्या. लोक बिचारे काय करणार, तेलकट हातांनी त्यांनी टाळ्या वाजवल्या. काही तर उभे राहिले. वाद्यांची पेटी बंद होती तरी मागून एका म्हाताऱ्यानं शिट्टी मारली. चिनार टेबलावरून उठली, कोट घेतला, त्याच्याजवळ आली, आणि अगदी हळू म्हणाली, "बाबा, आईचापण कार्यक्रम केलात." बस. मोठ्यानं बोलली असती तर त्याला उत्तर आलं असतं. मोठ्यानं बोललेल्या सगळ्याला त्याच्याकडे उत्तर होतं.

"टिकतंय," तुर्सुनाय म्हणाली. तिचे हात भरून आले होते. कालिचाबाईंना ती एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणायची. "एजे, अजून किती?"

"धर गं. तुझ्या वयात मी हातात मेंढी धरून डोंगर चढायचे."

पलीकडे मुकाश म्हाताऱ्याच्या माणसांचं खाणं आटोपत आलं होतं. सून हाडं गोळा करत होती, पुतण्या चहाचा शेवटचा घोट घेत होता. जेवणाचा शेवट दुव्यानं होतो, आणि दुवा वडीलधाऱ्यानं द्यायचा. म्हाताऱ्यानं दोन्ही तळवे उघडले, आणि मग त्याची नजर पलीकडे गेली: गुलाबी नळी, फळी धरलेली पोरगी, मूठ आवळून बसलेली डॉक्टरीण, आणि मध्ये नळीला बांधलेला नुसुप.

"हा पोरगा समोर असा टांगलेला, आणि मी फक्त माझ्या पोटासाठी हात पसरू?" म्हातारा म्हणाला. "याला देतो दुवा."

"आबा, जरा थांबा," बाई म्हणाल्या. "हे होऊ द्या आधी."

पण तळवे उघडले होते आणि ओठ हलू लागले होते, आणि सुरू झालेला दुवा तोडायचा नसतो, मग तोडणारा डॉक्टर असो नाहीतर खुद्द राष्ट्राध्यक्ष. म्हाताऱ्याचा आवाज धनगरी होता, खिंडीपलीकडे पोचायची सवय असलेला. "वाट तुझी रुंद होवो! घोडा तुझा धावता होवो! दार तुझं माणसांनी भरो! चूल तुझी विझू नये! छाती तुझी वाऱ्यानं भरो..."

"वाऱ्यानं नको, आबा," बाई दातांतल्या दातांत पुटपुटल्या. "वारा काढायला तर बसलेय इथं."

"...वाऱ्यानं भरो, डोंगरासारखी फुगो! शब्द तुझा लांब जावो! ज्याचं कोणी नाही त्याचं कोणी होवो!"

ह्या शेवटच्या ओळीला नुसुपनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस तो मान हलवत होता आणि म्हातारा 'माणसं वाटेत असतील' म्हणत ते चालू देत होता. पण मेंढरं मोजत जन्म गेलेल्याला एक कळपाबाहेर आहे हे पहिल्याच सकाळी कळलं असणार. पाणी उणे आठला गेलं. म्हाताऱ्यानं श्वास घेतला, हात वर केले आणि म्हणाला, "ओमीन!"

आणि खोलीतल्या झाडून सगळ्यांनी, जन्मल्यापासून करत आले तसं, दोन्ही हात उचलले आणि तोंडावरून फिरवले. पुतण्यानं, सुनेनं, दारातल्या झाडूवालीनं. कालिचाबाईंनीही. तुर्सुनायनंही. नुसुपचे दोन्ही हात कपाळापर्यंत गेले होते आणि अजून हनुवटीकडे उतरायचे होते, तेवढ्या वेळात फळी, जी आता कोणाच्याच हातात नव्हती, जमिनीकडे निघाली. काच फुटली, पण सांधा, जुनं रबर म्हणून ज्याची एवढी काळजी केली तो सांधा, सुटला नाही. तो इमानानं फळीबरोबर खाली गेला, आणि त्याच्याबरोबर नळी, आणि नळीबरोबर तो ढिला टाका. नुसुपच्या फासळ्यांत सरसरून काहीतरी गेलं, आणि मग एक छोटा, ओला, चोखल्यासारखा आवाज आला. तो आवाज त्याचा स्वतःचा होता हे समजायला त्याला वेळ लागला. हवा आत जात होती. जिथं जायची नव्हती तिथं.

बाईंनी तळवा त्या भोकावर दाबला. अंगाच्या सगळ्या वजनानिशी. "सेट आण! नवी नळी! पळ!" तुर्सुनाय पळाली, गुलाबी पाण्यात घसरली, उठली, पुन्हा पळाली. "मी सोडली," बाई म्हणत होत्या, कोणालाच उद्देशून नाही. "मी डॉक्टर, आणि मी हात वर केले. पोरीला काय बोलू मी आता?"

"दुवा पूर्ण झाला ना पण?" म्हातारा घाबरून विचारत होता. "मध्ये तुटला नाही ना?"

"पूर्ण झाला, आबा. नको तितका पूर्ण झाला."

नुसुपला हसू येत होतं आणि हसायला हवा नव्हती. आतली पिशवी चिमटत चिमटत कुठंतरी कण्याजवळ जाऊन बसली होती. डोळ्यांपुढे खिडकीतला राखाडी कापूस मोठा झाला. पण त्याला सगळ्यात स्पष्ट जाणवत होता तो तळवा. गरम, थोडा खरबरीत, बोटं पसरलेली. दोन वर्षांत कोणी त्याच्या उघड्या अंगाला असा हात लावला नव्हता. लोकांनी मिठ्या मारल्या होत्या, पुष्कळ, पण त्या कोटावरून, कॅमेऱ्याकडे बघत. हा हात काढला तर तो मरेल, इतका सरळ हा हात होता.

"तमादा, ऐका," बाई त्याच्या कानाशी म्हणाल्या. "आता मापामापी संपली. परत बसलंय, मी वाट बघणार नाही. आजच कापायचं. माणूस बोलवा. परगावी असली तरी बोलवा."

नुसुपनं डोळ्यांनी उशीकडे दाखवलं. बाईंनी मोकळ्या हातानं उशीखालचा फोन काढला आणि अंगठ्यानं वर सरकवत मोठ्यानं वाचू लागल्या. "'केकवाली, उधार नको'. 'मोठा हॉल अलिम'. 'खोगीरवाला'. 'नवरीचा मामा, टोकमोक'. 'नाचाच्या पोरी, स्वस्त'... शरम नाही. माणूस कुठंय ह्यात? 'घोड्याचं मांस'. 'चिनार'. ही काय विकते?"

त्यानं फक्त डोळे मिटले आणि उघडले. बाईंनी ते नाव दाबलं आणि फोन त्याच्या कानाला लावला.

घंटी वाजत राहिली. मग नळ वाहात असल्याचा आवाज, भांड्याचा, लहान मुलाचा. "हॅलो," चिनार म्हणाली. मग नाव पाहिलं असावं. "बाबा?"

नुसुपनं तोंड उघडलं. दोन वर्षांत त्यानं ह्या फोनची बावन्न भाषणं तरी तयार केली होती. मिस्किल, गंभीर, सायराचं नाव घेणारी, न घेणारी, एक तर चक्क शेरानं सुरू होणारं. ती सगळी दारात येऊन खोळंबली. एकही त्याच्याकडे होती तेवढ्या हवेत मावत नव्हतं.

"चुकून लागला का फोन?" चिनारचा आवाज टोकदार झाला. "का कार्यक्रमात आहात? लोकांसमोर लेकीशी बोलून दाखवायचंय? माइक लावलाय का शेजारी?"

तो फक्त श्वास घेत होता. वरवरचा, तुटका, कुत्र्यासारखा. तिकडे नळ बंद झाला. मुलाला तिनं कोणत्यातरी खोलीत पाठवलं, दार लागलं. आता दोन्हीकडे काही आवाज नव्हता, फक्त त्याचा श्वास होता, आणि ती तो ऐकत होती. इतका वेळ तिनं त्याचं कधी ऐकलं नव्हतं.

"बाबा," ती वेगळ्याच आवाजात म्हणाली. "काहीतरी बोला."

"ये," नुसुप म्हणाला.

तेवढीच हवा होती. बाईंनी फोन स्वतःच्या कानाला घेतला आणि त्या वळल्या, तळवा न उचलता, मान जेवढी वळेल तेवढी. त्याला फक्त त्यांचं ऐकू येत होतं. "मी डॉक्टर. हो. छातीचा विभाग, दुसरा मजला. नाही, पिऊन नाही. हो, आजच. सही आणि रक्त. हो... हो... काय? नाही, नाही, तसं काही नाही. बरं." त्यांनी फोन खाटेवर टाकला. तुर्सुनाय सेट घेऊन दारात आली होती, दोन्ही हातांनी ट्रे घट्ट धरून, कोणी काही पुटपुटतंय का ते बघत. मुकाश म्हाताऱ्यानं स्वतःचे हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

"विचारत होती," बाई हातमोजा दातांनी ओढत म्हणाल्या, "रक्त द्यायला उपाशी यायचं का खाऊन. मी म्हटलं, चांगलं खाऊन ये. आणि बापासाठी काही आणू नकोस, त्याला मी उपाशी ठेवणार आहे."

त्यावर ती काय म्हणाली, हे विचारण्याइतकी हवा नुसुपकडे नव्हती. सुई आत गेली, कूस बधिर होत गेली. त्यानं डोळे मिटले आणि मनातल्या मनात चिनारला आधी चहा प्यायला लावला, पाव आणि लोणी खायला लावलं, मुलाला शेजारणीकडे सोडायला लावलं. मग बूट, मग कोट. धुरातून ती कोपऱ्यावर आली. पहिली मिनीबस लगेच मिळते. दुसरी बाजारावरून येते, ती भरलेली असते, दांडीला धरून उभं राहावं लागतं. राहील उभी, त्याला वाटलं, तरणी आहे. मग त्याला वाटलं, नको, रक्त द्यायचंय पोरीला, कोणीतरी उठू दे, मिळू दे तिला बसायला जागा.